एक गलबत, दोन वह्या

कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरणारा माणूस आधी खांब मोजतो. आम्हीही पहिल्या खेपेस मोजले होते, सदतीस भरले. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून मात्र मान आपोआप वर जाऊ लागली. इथल्या छताला लाकडाच्या कमानी आहेत, अगदी खऱ्या सागाच्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. डोंगर पोखरून केलेल्या छताला लाकडाच्या आधाराची काहीच गरज नव्हती. पण खोदणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारती होत्या आणि हाताला सुताराचे वळण होते, म्हणून त्यांनी दगडाच्या पोटात लाकडाच्या फासळ्या बसवल्या.

ते छत म्हणजे उपडी घातलेली होडी आहे, असे आमच्यापैकी एकीने म्हटले त्याला आता बरीच वर्षे झाली. आमच्यापैकी दुसऱ्याने ते वाक्य पुढे व्याख्यानांतून दोन-तीनदा वापरले, आणि प्रत्येक वेळी 'आम्हांला असे वाटले की' अशी त्याची सुरुवात केली. या 'आम्हांला'बद्दल त्या वेळी कुणाची तक्रार नव्हती. यंदाच्या उन्हाळ्यात ती निघाली, आणि निघाली ती थेट प्रशांत महासागरातून.

निवृत्तीनंतर आम्ही मळवलीजवळ राहायला आलो. दोघांनीही आयुष्यभर साहित्य शिकवले, एकाने इंग्रजी, एकीने मराठी. संध्याकाळी एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे असा आमचा शिरस्ता आहे. या उन्हाळ्यात वाचायला घेतली ती दोन जोडप्यांची समुद्रप्रवासाची पुस्तके: रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि फॅनी, जॅक लंडन आणि चार्मियन. चारही जणांनी लिहिले आहे, आणि दोन्ही जोडप्यांतल्या पुरुषांची पुस्तके आपल्याकडच्या ग्रंथालयांतून सहज सापडतात. बायकांची सापडत नाहीत. आम्हांला ती संगणकाच्या पडद्यावर वाचावी लागली.

स्टीव्हन्सन कुटुंब २८ जून १८८८ रोजी 'कॅस्को' नावाच्या शिडाच्या गलबतातून सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. लेखकाची फुप्फुसे दुबळी, कोरड्या-उबदार हवेची गरज. बरोबर त्याची विधवा आई, फॅनीचा पहिल्या विवाहापासूनचा मुलगा लॉइड आणि एक मोलकरीण. महिन्याभराने मार्केसास बेटांपैकी नुकू हिवाच्या अनाहो उपसागरात नांगर पडला. पुढे पॉमोटू बेटे, ताहिती, तिथे डोलकाठ्या कुजलेल्या निघाल्या म्हणून लांबलेला मुक्काम, मग हवाई. १८८९ साली 'इक्वेटर' या दुसऱ्या गलबतातून गिल्बर्ट बेटे आणि अखेर सामोआ. १८९० साली 'जॅनेट निकोल' या वाफेच्या बोटीतून तिसरी फेरी. ज्यांना नकाशात ही बेटे शोधायची असतील त्यांनी भिंग घ्यावे. आम्ही घेतले होते.

प्रवासाचा सारा खटाटोप ज्याच्यासाठी, त्याची तब्येत समुद्रावर सुधारत गेली. फॅनीला मात्र बोट लागायची. समुद्र तिला कधीच मानवला नाही, आणि तरी ती तिन्ही सफरींत होती. ताहितीत तो तापाने आडवा झाला तेव्हा तिने त्याला उचलून ताउतिराला नेले; तिथे मोए नावाच्या राजघराण्यातल्या स्त्रीने लिंबू आणि नारळाच्या रसातले कच्चे मासे खाऊ घालून त्याला उभे केले. अपेमामा बेटावर तेंबिनोका राजाने त्यांना राहायला घरे उभारून दिली आणि फॅनीने त्या राजासाठी निशाण योजून दिले, त्यावर शार्क मासा होता. राजानेही फॅनीचे रूप आणि अक्कल दोन्ही पारखून आपला अनुकूल शेरा नोंदवला होता. 'जॅनेट निकोल'वर ऑकलंड सोडताच दारूकामाच्या सामानाने पेट घेतला, तेव्हा खलाशी जी जळती पेटी समुद्रात फेकणार होता तिच्यात स्टीव्हन्सनची हस्तलिखिते होती. फॅनीने पाहिले म्हणून ती वाचली.

स्टीव्हन्सनच्या 'इन द साउथ सीज' या पुस्तकात ही फॅनी अधूनमधून 'माझी पत्नी' म्हणून येते. पुस्तक थोर आहे, यात आम्हांला शंका नाही. बेटांवरची लोकसंख्या का घटली, कुणाचे आजार कुणी आणले, निषिद्धांचे नियम कसे चालतात याविषयी त्याने जी धिमी, प्रामाणिक चौकशी केली तशी त्या काळच्या फार थोड्या युरोपीयांनी केली असेल. गंमत अशी की फॅनीला ते पुस्तक असे नको होते. इतके विलक्षण अनुभव हाताशी असताना नवरा शास्त्रीय प्रबंध लिहायला बसला आहे, अशी तक्रार तिने लंडनच्या एका स्नेह्याला पत्राने कळवली होती. समीक्षकांनी पुढे यावरून तिला नावे ठेवली. आमच्यापैकी एकीचे म्हणणे असे, की तिची तक्रार साहित्यिकच होती: 'मी'ने पाहिलेले आणि 'आम्ही'ने भोगलेले यांतले दुसरे गळून पडते आहे, हे तिला दिसत होते.

तिची स्वतःची वही छापून आली ती १९१४ साली, तिच्या मृत्यूच्या वर्षी. प्रस्तावनेत ती सांगते की ही टिपणे प्रकाशनासाठी नव्हतीच. नवऱ्याची रोजनिशी मागे पडली तर त्याच्या स्मरणाला हातभार लागावा एवढ्यासाठी ती ठेवली होती. म्हणजे वही तिची आणि आठवण त्याची. आमच्या वाचनात इथे पहिला खंड पडला. मराठी शिकवणाऱ्या आमच्यापैकी एकीला रमाबाई रानडे आठवल्या. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचे नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. त्यातला 'आमच्या' हा शब्द किती काळजीपूर्वक ठेवला आहे! न्यायमूर्तींचा उल्लेख त्या नावाने करीत नाहीत, तर 'स्वतः' या शब्दाने करतात. बाई 'स्वतः' असे लिहिते आणि वाचकाने पती समजायचे! सर्वनामाने एवढे ओझे वाहिल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला माहीत नाही. आणि मग अर्थात पु. ल. देशपांडे. 'अपूर्वाई' १९६० ची. तिच्यातल्या सहप्रवासिनीवर मराठी वाचक तीस वर्षे प्रेमाने हसला, आणि १९९० साली 'आहे मनोहर तरी' आले तेव्हा त्यातल्या कित्येकांना दगा झाल्यासारखे वाटले. दगा कुणी कुणाला दिला होता? एका घराच्या दोन वह्या निघाल्या, इतकेच तर घडले होते.

जॅक लंडनचे प्रकरण वेगळे, कारण त्याच्या बोटीवर बायको सुकाणू धरत होती. 'स्नार्क' ही बोट त्याने स्वतः बांधून घेतली. १९०६ च्या भूकंपानंतरचे सॅन फ्रान्सिस्को, मजूर नाहीत, सामान नाही. सात हजार डॉलरचा अंदाज तीस हजारांवर गेला आणि बोट तरीही गळकी निघाली. २३ एप्रिल १९०७ रोजी ती निघाली, सात वर्षे जग फिरण्याच्या बेताने. समुद्रावर गेल्यावर कळले की दिशादर्शनाचे काम ज्याच्याकडे, त्या चार्मियनच्या मावशीच्या यजमानांना ते येत नाही. जॅकने पुस्तकावरून ते शिकून घेतले आणि त्यावर एक झकास प्रकरण लिहिले. सत्तावीस दिवसांनी हवाई. पुढे हिलोहून मार्केसासपर्यंत साठ दिवस जमिनीचे दर्शन नाही. नुकू हिवावर त्यांनी भाड्याने घेतलेले घर म्हणजे जुने क्लबघर, स्टीव्हन्सन दुपारी जिथे बसत असे तेच. तिथून ते घोड्यांवरून ताइपी खोऱ्यात गेले. मेल्व्हिलच्या 'टायपी' (१८४६) या पुस्तकाने जगाला भुलवणारे ते खोरे रोगांनी ओस पडले होते. पुस्तक वाचून प्रवासाला निघणाऱ्याच्या नशिबी बहुधा हेच येते. आम्ही दोघेही पुस्तकी माणसे, आम्हांला ते सांगायला नको.

चार्मियन पाळीने पहारा करीत असे, चाकावर उभी राहत असे, आणि शिवाय जॅकचा रोजचा हजार शब्दांचा मजकूर टंकून देत असे. त्याचे 'द क्रूझ ऑफ द स्नार्क' १९११ चे, तिचे 'द लॉग ऑफ द स्नार्क' १९१५ चे. या दोहोंच्या मध्ये, १९१३ साली, बोटीवरच्या स्वयंपाक्याने, मार्टिन जॉन्सनने आपले पुस्तक काढले. सॉलोमन बेटांत ताप आणि कातडीचे रोग सगळ्यांनाच भोवले. १९०८ च्या अखेरीस सिडनीच्या इस्पितळात जॅकवर शस्त्रक्रिया झाली आणि सात वर्षांचा बेत दीड वर्षात आटोपला.

चार्मियन चाकावर उभी असल्याचे वर्णन मोठ्याने वाचले जात असताना आमच्यापैकी एकीने शांतपणे म्हटले, "मीही धरलं होतं."

वाचणाऱ्याला काही कळेना. "काय धरलं होतंस?"

"सुकाणू. खांदेरीहून येताना."

हे सांगण्यासाठी १९९६ सालात जायला हवे. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील थळचे तांडेल होते. त्यांनी त्या हिवाळ्यात आम्हांला होडीने खांदेरीला नेले: शिवाजी महाराजांनी १६७९ साली वसवायला घेतलेला किल्ला, इंग्रजांनी बांधलेला दीपस्तंभ, कोळ्यांचा वेताळ, ठोकला की भांड्यासारखा वाजणारा खडक. परतताना यंत्र बंद पडले. तांडेलांनी शीड उभारले, आणि अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता अडीच तासांचा झाला. आमची समुद्रयात्रा ती एवढीच. त्यावर पुढे आम्ही एक लेख लिहिला, तो एका दिवाळी अंकात आला. लेखात सर्वत्र 'आम्ही' होते. खाली नाव एकाचेच होते. लेखाच्या मध्यावर, शीड उभारल्यावर होडी कशी हेलकावू लागली याचे जे वर्णन होते, त्यात 'सहचारिणीला बोट लागली' असे वाक्य होते.

बोट लागली होती ती सहचराला. तो तळाशी जाळ्यांच्या ढिगावर डोके टेकून पडला होता आणि त्याने डोळे मिटून घेतले होते. तांडेलांचा पोरगा पाणी उपसत होता, तांडेल स्वतः शिडाच्या दोरीशी झगडत होते. त्यांनी "बाई, हे धरा, सोडू नका," म्हणून सुकाणूचा दांडा जिच्या हाती दिला ती तो किती वेळ धरून बसली हे तिलाही सांगता येत नाही. डोळे मिटलेल्या माणसाने हे पाहिलेच नाही. होडी आपोआप किनाऱ्याला लागली असेच तो गेली सुमारे तीस वर्षे समजत आला.

आजारी कोण होते, हे मात्र त्याला चांगले ठाऊक होते. मग लेखात अदलाबदल का? तो म्हणतो, त्या वाक्यात 'सहचारिणी' हा शब्द बसत होता आणि 'मला' बसत नव्हता. याला उत्तर म्हणता येत नाही, पण दुसरे त्याच्याजवळ नाही. लेखाची सुवाच्य प्रत मात्र तिनेच केली होती, ते वाक्यही तिच्याच हाताने उतरवले गेले. बदलले का नाहीस, असे आता विचारले तर ती म्हणते, "लय चांगली होती वाक्याची." हे खरे की टोमणा, हे आम्ही ठरवू शकलेलो नाही.

तर हा लेख आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत, आणि 'आम्ही' हा शब्द प्रत्येक वेळी उच्चारून पाहत आहोत. मराठीत या शब्दाची सोय तशी बरी आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचे तर 'आपण', वगळून बोलायचे तर 'आम्ही'. इंग्रजीत ही सोय नाही. स्टीव्हन्सन आणि लंडन यांच्या 'वुई'मध्ये कोण आत आणि कोण बाहेर, हे ज्याचे त्याने ताडायचे. पण ज्या बेटांवर ते उतरले तिथल्या भाषा आपल्याही पुढे आहेत. ताहितीच्या भाषेत 'तूं आणि मी, दोघे' यासाठी ताउआ असा शब्द आहे. 'मी आणि आणखी एक, पण तू नव्हेस' यासाठी माउआ. दोनांहून अधिक असतील तर पुन्हा तसेच दोन निराळे शब्द, तातोउ आणि मातोउ. संस्कृतात 'आवाम्' होते, दोघांपुरते. मराठीपर्यंत येता येता आपण ते द्विवचन हरवून बसलो. नवराबायकोने मिळून लिहायचे तर ते फार उपयोगी पडले असते.

लंडन दांपत्य रायातेआ बेटाजवळ असताना तेहेई नावाचा एक माणूस आपल्या उलांडीच्या होडीतून, वाऱ्यासारख्या वेगाने त्यांच्या बोटीपाशी आला आणि त्यांना शेजारच्या ताहा बेटावर आपल्या घरी घेऊन गेला. त्याची बायको बिहाउरा. या जोडप्याने पाहुण्यांची जी सरबराई केली तिच्यावर जॅकने एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे, आणि त्याच्या पुस्तकातले आम्हांला ते सर्वांत आवडते. त्यात तो कुठेही मोठेपणा मिरवीत नाही. पुढे तेहेई खलाशी म्हणून 'स्नार्क'वर आला. त्या बोटीवरच्या प्रवासाची तीन पुस्तके झाली, पण तेहेई आणि बिहाउरा यांचे चौथे झाले नाही. रात्री पाहुणे झोपल्यावर ती दोघे एकमेकांशी त्यांच्याविषयी काय बोलली असतील? 'ताउआ' म्हणून बोलली असतील एवढेच व्याकरण सांगते. त्या शब्दाच्या आत जॅक नव्हता, चार्मियन नव्हती, आणि वाचकही नाही.

आपल्याकडे जोडीने प्रशांत महासागर ओलांडल्याचे अलीकडचे उदाहरण नवराबायकोचे नाही. दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई'वर एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. पृथ्वीप्रदक्षिणा एकट्याने करणारे ते पहिले भारतीय. त्यांना सर्वनामाची अडचण नव्हती. ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. त्याच कारखान्यातली तिची धाकटी बहीण 'तारिणी'. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून तिच्यावर नौदलाच्या दोन अधिकारी निघाल्या, दिलना के. आणि रूपा ए.; बोटीवर तिसरे कुणी नाही. न्यूझीलंडहून फॉकलंड बेटांकडे जाताना जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी पॉइंट निमो गाठला. जगात जमिनीपासून सर्वांत दूरचा हा बिंदू. सर्वांत जवळची बेटेही सुमारे २,६८८ किलोमीटरवर. तिथले पाणी त्यांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी बाटल्यांत भरून घेतले. २९ मे २०२५ रोजी त्या परत आल्या.

या बातम्या आम्ही दोघांनी वेगवेगळ्या कारणांनी वाचल्या, पण एक गोष्ट दोघांच्याही मनात राहिली. दोन माणसांच्या बोटीवर एक जागी असेल तेव्हा दुसरीने झोपून घ्यायचे. म्हणजे आठ महिने एकाच फळीवर काढूनही प्रत्येकीच्या वाट्याला समुद्राचे निराळे तास आले असणार. एकीने पाहिलेली पहाट दुसरीच्या झोपेत गेली असणार. त्यांच्यापैकी कुणी पुस्तक लिहील तेव्हा 'आम्ही' कसे लिहील, याची आम्हांला उत्सुकता आहे.

परवा आम्ही पुन्हा लेण्यांत गेलो. लेणी कार्ल्याची म्हणवतात, पण असतात वेहेरगावच्या हद्दीत; दाराशीच एकवीरेचे देऊळ. कोळी आणि आगरी माणसे समुद्र सोडून देवीसाठी घाट चढून येतात, चैत्रात तर पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. होडी कुठे आणि तिची रक्षणकर्ती कुठे, याचे नवल आता आम्हांला वाटत नाही. समुद्र आणि हा डोंगर यांचे जुने येणेजाणे आहे: चैत्यगृहाच्या कोरीव लेखांत दाता म्हणून सोपाऱ्याचा माणूस आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. भिक्षुणीही आहेत, आणि दान त्यांच्या स्वतःच्या नावावर लिहिले आहे. दर्शनी भिंतीवर स्त्रीपुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभ्या. त्यांतल्या मिथुनाचे दान एका भिक्षूने दिल्याचे तिथेच कोरलेले आहे. जोडपे कोण, हे कुणी लिहिलेले नाही.

आत, कमानींखाली, थळहून आलेले एक कुटुंब उभे होते. थळ म्हटल्यावर आम्ही तांडेलांची चौकशी केली. ते गेल्याचे कळले. त्यांच्यातल्या म्हातारबाईंनी विचारले, त्यांना कसे ओळखता? आमच्यापैकी एकाने खांदेरीची गोष्ट सांगितली. यंत्र बंद पडले, शीड उभारले, इथपर्यंत नेहमीसारखी सांगितली, आणि मग "मला बोट लागली होती, सुकाणू हिच्या हातात होतं," असे म्हणाला. म्हातारबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. "दांडा जड असतो," त्या म्हणाल्या. "हो," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने त्या वर्षाची हिशेबाची वही शोधून काढली. त्या दिवसाच्या पानावर एस.टी.चे भाडे आहे, वेताळाला वाहिलेल्या नारळाची किंमत आहे, आणि खाली बारीक अक्षरात: लिंबे ४, पैकी ३ वापरली. सुकाणू थोडा वेळ. उजवा दंड दुखतो.

चौथ्या लिंबाचे काय झाले ते दोघांनाही आठवत नाही.